थंडरबर्डचा फिल्टर चालत नसेल तर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत 'गुरुवारी पाणी बंद'चे मेल यायचे. ते वेगळ्या फोल्डरमध्ये पडावेत म्हणून थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये फिल्टर, म्हणजे मेल आपोआप वेगळे करणारा नियम, केला, तरी निम्मे मेल इनबॉक्समध्येच राहत. आधी मेसेज फिल्टर्स उघडून तिथला लॉग चालू करा. कुठल्या मेलला कोणता नियम लागला, हे त्यात नोंदलं जातं. नोंदच नसेल, तर बहुधा अट जुळत नाही.

माझी अट होती: विषयात 'पाणीपुरवठा' असावं. सेक्रेटरी कधी 'पाणी पुरवठा' असं तोडून लिहीत. फिल्टर अक्षरं जशीच्या तशी जुळवतो, मधली एक जागासुद्धा त्याला चालत नाही. नुसतं 'पाणी' ठेवलं आणि काम झालं. मराठी विषयांसाठी शब्दाचा लहानात लहान तुकडाच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दोन अटी असतील तर 'सर्व जुळाव्यात' की 'कोणतीही एक', तेही बघा. नियम वरून खाली चालतात. वरच्याने मेल हलवला तर खालचा हात चोळत बसतो. दुरुस्तीनंतर इनबॉक्स निवडून 'रन नाऊ' दाबा, जुने मेलही जागेवर जातील.

न्यूजग्रुपवर (थंडरबर्डमधून वाचता येणाऱ्या चर्चागटांवर) फिल्टर लावताना मजकुरातला शब्द शोधू नका. तिथे आधी फक्त हेडर, म्हणजे विषय, पाठवणारा अशी वरची माहिती, उतरतात, त्यामुळे विषय किंवा पाठवणारा यांवरच अट लावा.