कथा पाठवण्याआधी ती कोणाला वाचायला द्यावी?

'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी पत्रांतून कथेवर चर्चा करत, पुनर्लेखन करून घेत. ते मासिक १९८२ मध्ये बंद झालं. आज दिवाळी अंकाच्या संपादकाकडे पावसाळ्यात साहित्याचा ढीग येतो आणि नव्या लेखकाला बहुतेक वेळा होकार किंवा शांतता एवढंच मिळतं. त्यामुळे अभिप्राय आधीच मिळवायला हवा आणि त्यासाठी वेळ राखून ठेवायला हवा. कथा जूनअखेर पाठवायची असेल तर पहिला खर्डा मार्चमध्ये हातावेगळा झालेला बरा. दोन-तीन आठवडे तो बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते ती वाक्यं आपली आपणच दुरुस्त करावीत, त्यासाठी वाचणाऱ्याचा वेळ घेऊ नये.

वाचक तीन पुरेत, पण एका साच्यातले नकोत. एक नुसता वाचणारा, एक स्वतः कथा लिहिणारा, आणि एक कथेतला व्यवसाय किंवा मुलूख जाणणारा. तिघांनाही पहिलाच खर्डा देऊन टाकू नका. एकदा वाचलेली कथा कोणी पुन्हा कोऱ्या नजरेने वाचू शकत नाही, म्हणून एकाला दुसऱ्या खर्ड्यासाठी राखून ठेवा. घरच्यांना द्यायला हरकत नाही, फक्त ते कथेत तुम्हालाच शोधत बसतात.

"कशी वाटली?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. व्हॉट्सॲपवर तर नुसता अंगठा. त्यापेक्षा रुंद समास सोडून, पानांना क्रमांक देऊन छापील प्रत द्या आणि सांगा: कंटाळा आला तिथे रेघ मारा, मागचं पान पुन्हा उलटावं लागलं तिथे फुली. वाचून झाल्यावर त्यांना कथा दोन-तीन वाक्यांत सांगायला लावा. तुम्ही लिहिली मुलीची गोष्ट आणि तिन्ही वाचक वडिलांबद्दलच बोलताहेत, तर कथेचा तोल कुठे गेलाय ते तिथेच कळतं. शेवट कितव्या पानावर ओळखला, हेही विचारा. त्या वेळी आपण गप्प बसणं सगळ्यात अवघड. "मला तिथे असं म्हणायचं होतं" हे वाक्य तोंडातून गेलं की समोरचा सावध होतो आणि पुढचं खरं सांगत नाही. संपादकाच्या टेबलावर तर समजावून सांगायला तुम्ही नसणारच.

दुखणं वाचकाचं ऐकावं, औषध आपलं शोधावं. दोघांच्या रेघा एकाच परिच्छेदावर पडल्या असतील तर तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की. पण एक म्हणेल "वाढवा", दुसरा म्हणेल "काढून टाका". शेवट पटत नाही अशी तक्रार आली, तर बहुधा दोष पूर्वार्धात असतो, त्या शेवटाची तयारीच झालेली नसते. एकट्यादुकट्याची नावड मात्र खुशाल सोडून द्यावी.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. आधी तपासून घेतलं तर पुढे कापायची वाक्यंही घासूनपुसून ठेवली जातात आणि मग ती कापवत नाहीत. तपासणाऱ्याला बजावून ठेवा की संवादातली बोली प्रमाण करायची नाही. वऱ्हाडी माणसाचं 'मले' तसंच राहू द्या. उलट एकाच पात्राच्या तोंडी एकदा 'मले' आणि पुढच्या पानावर 'मला' येत असेल, तर ते त्या मुलखातल्या वाचकालाच दिसतं.

अभिप्रायासाठी कथा फेसबुकवर किंवा ब्लॉगवर टाकू नका. बरेच अंक अप्रकाशित साहित्यच मागतात आणि तुमची कथा तिथेच बाद होऊ शकते. पाठवायची प्रत युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या फाँटमधून रूपांतर केलं असेल तर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द खास शोधून पाहा. 'र्‍या'चा 'र्या' तिथेच होतो. शेवटी ती फाइल दुसऱ्या कोणाच्या संगणकावर एकदा उघडून बघा.