ब्लेंडरमध्ये 'नाशिक'चं 'नाशकि' होतं तेव्हा

त्र्यंबक रोडवरच्या दुकानाची थ्रीडी पाटी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करताना त्याच्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये (मजकुराच्या घटकात) युनिकोड मराठी टाकलं, की वेलांटी 'श' सोडून 'क'ला चिकटते आणि 'त्र्यं' सुटा होऊन हलन्त उघडे पडतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही. मुक्ता घ्या की नोटो सान्स देवनागरी, ब्लेंडर अक्षरं टाइप केलेल्या क्रमानंच मांडतो, जोडाक्षरं जुळवत नाही.

म्हणून मी मजकूर इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितो. पाथ मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा होतात), मग अनग्रुप (गट सोडवणं) आणि युनियन (आकार एकत्र जोडणं). युनियन अजिबात गाळू नका! शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. एक्सट्रूड केल्यावर, म्हणजे जाडी दिल्यावर, त्यांच्या भिंती आत तशाच उरतात आणि थ्रीडी छपाईला त्रास देतात. मग ही फाइल एसव्हीजी स्वरूपात साठवून ब्लेंडरमध्ये इम्पोर्ट करा. इम्पोर्ट केलेली एसव्हीजी अगदी बारीक दिसते, 'एस' दाबून मोठी करा. मूळ मजकुराची फाइल मात्र वेगळी जपा, पाथ झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही.