थायरॉइडची गोळी बंद करायचीय? आधी जुनी फाइल काढा

वर्तकनगरच्या आमच्या घरात एकाच फडताळात थायरॉइडच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या असायच्या. एक माझी, एक आईची. माझी गोळी बंद झाली. ते बघून आईनेही, कुणाला न सांगता, स्वतःची सोडून दिली.

तिची ग्रंथी ऑपरेशनने पूर्ण काढलेली आहे. तिला ही गोळी जन्मभर लागणार. पहिले तीन आठवडे ती मजेत उपवनला फेऱ्या मारत होती, "बघ, काही होत नाही" म्हणायची. घात होतो तो इथेच. या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, अंगातून निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे सुरुवातीला बरं वाटतं ते जुन्या गोळ्यांच्या जिवावर. मग चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना. ठाण्यातल्या मे महिन्यात ती चादर पांघरून बसलेली मला दिसली, तेव्हा बाटली उघडून पाहिली.

म्हणून पहिलं काम, गोळी का सुरू झाली होती ते जुन्या फाइलीत शोधा. ग्रंथी काढली असेल किंवा रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी औषध) दिलं असेल, तर बंद करण्याचा विषय सोडून द्या. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका. बाळंतपणानंतर बिघडलेला थायरॉइड मात्र बऱ्याच जणींचा पूर्ववत होतो. सुरुवातीला टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा) थोडाच वाढलेला असेल, तरीही गोळी बंद करता येईल का ते डॉक्टरांना विचारून बघायला हरकत नाही.

माझं बाळंतपणानंतरचंच होतं. डॉक्टरांनी 50 मायक्रोग्रॅमवरून 25 वर आणलं, सहा आठवड्यांनी टीएसएच केला, मग बंद, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. त्याआधी केलात तर आकडा स्थिरावलेला नसतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा आणि तपासणीआधी निदान दोन दिवस थांबवा, रिपोर्ट चुकू शकतो. आता वर्षातून एकदा तपासते, कारण हे परत उलटू शकतं.

गोळी सोडलेलं माणूस फार गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, अंग गार पडलं असेल, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. आणि मध्ये खंड पडला असेल तर, विशेषतः हृदयविकार असल्यास, पूर्वीचा डोस मनाने सुरू करू नका.

आई आता साडेपाचला उपाशीपोटी गोळी घेते, चहा साडेसहाला, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. बाटलीतल्या गोळ्या दर रविवारी मी मोजते.