आधी पाय ठरवा, जबडा नंतर

मगर किंवा डायनासोरवरून काल्पनिक प्राणी काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी जबडा नि दात काढतात, मग धड जमेल तसं चिकटवतात. उलट करा. मगर चालताना मागच्या पायाची टाच जमिनीला टेकवते. मांसाहारी डायनासोर बोटांवर चालत, आणि त्यांचे वंशज असलेले पक्षी आजही तसेच चालतात. हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो आले की स्केचबुक घेऊन जा नि फक्त पाय काढा. मागे वाकलेला जो गुडघा वाटतो, तो खरं तर घोटा. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे एकदा हातात बसलं की दोन पायांवर धावणारा प्राणी लंगडा दिसत नाही.

मगरीसारखा हवा, पण फताडा नको? मग पाय सरळ पोटाखाली घ्या. ट्रायासिक काळातला (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा) पोस्टोसुकस हा प्राणी मगरीच्याच शाखेतला, आणि त्याचे पाय असेच उभे होते.

शेपटीवर खवले वाटेल तसे मारू नका. मगरीच्या शेपटीवर काट्यांच्या दोन रांगा निघतात आणि टोकाकडे त्यांची एकच होते. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात स्नायूंचा फुगवटा द्या, चाव्याची ताकद तिथली.

प्राणी ठाण्याच्या खाडीतला असेल तर पाठीचे काटे चिखलातून वर आलेल्या तिवराच्या (खारफुटीतल्या झाडाच्या) मुळांसारखे बारीक, सरळ ठेवा. ओहोटीला पडून राहिला तरी ओळखू येणार नाही. पंख मात्र नकोत, ते फार झालेत.