सदाफुलीतलं जनुक शोधताय? या चुका टाळा

साताऱ्यात बायोटेकच्या प्रोजेक्टला सदाफुली घेणारी मुलं दरवर्षी भेटतात. झाड दारात असतं, आणि कर्करोगावरची व्हिनब्लास्टीन, व्हिनक्रिस्टीन ही औषधं याच झाडातली. ती बनवणारी जनुकं शोधताना गाडी अडते ती पान खुडतानाच.

विंडोलीन आणि कॅथारॅन्थीन हे झाडातले दोन रेणू जोडले गेले की व्हिनब्लास्टीनचा सांगाडा तयार होतो. विंडोलीनच्या शेवटच्या दोन पायऱ्यांची एन्झाइमं, डी४एच आणि डॅट, कोवळ्या पानांत, उजेड मिळाला की जोमाने तयार होतात. मुळांत विंडोलीन बनतच नाही. मी शिकत असताना मुळांचा आरएनए (चालू जनुकाची नक्कल) घेऊन पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवणारी चाचणी, लावत बसलो. बँड, म्हणजे जनुक सापडल्याची रेघ, दिसेना म्हणून तीनदा प्रायमर (जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले. प्रायमर चांगले होते, नमुना चुकला होता. जून पानंही घेऊ नका: त्यांत रसायनाचा साठा असतो, पण जनुक मंदावलेलं असतं. शेंड्याची पहिली जोडी खुडून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. खलात पूड हिरवी राहिली पाहिजे. तपकिरी झाली तर पानातल्या फिनॉल रसायनांनी घोटाळा केला समजा, आरएनए काढायच्या बफरमध्ये ती धरून ठेवणारं पीव्हीपी घाला.

दुसरी चूक मला जास्त सलते: जनुकाला डेटाबेसने दिलेलं नाव खरं मानणं. स्ट्रिक्टोसिडीन हा या औषधांच्या वाटेवरचा सुरुवातीचा रेणू, आणि स्ट्रिक्टोसिडीन सिंथेस हे तो बनवणारं एन्झाइम. ‘स्ट्रिक्टोसिडीन सिंथेससारखं’ असं लेबल लागलेली जनुकं ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपातही आहेत, पण ते झाड स्ट्रिक्टोसिडीन बनवत नाही. क्रमातलं साम्य हा फक्त अंदाज. एन्झाइम तयार करून त्याला खरा कच्चा माल द्या, एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) उत्पादन दिसतंय का पाहा. झाडात ते जनुक दाबल्यावर रसायन घटलं, तर मात्र विश्वास ठेवा.

एन्झाइम पी४५० गटातलं असेल तर त्याचं जनुक थेट ई. कोलाय या जिवाणूत घालू नका. ते एन्झाइम पेशीतल्या पटलाला चिकटून राहतं आणि त्याला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रिडक्टेस या जोडीदार एन्झाइमशिवाय चालत नाही. यीस्टमध्ये रिडक्टेससोबत घाला.

महाबळेश्वर-कोयनेकडच्या नरक्या या झाडावर काम करणाऱ्यांना एक सांगणं. त्यातलं कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी रसायन १९६६मध्ये मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी प्रथम एका चिनी झाडातून वेगळं केलं. त्या चिनी झाडात वाट स्ट्रिक्टोसिडीनऐवजी स्ट्रिक्टोसिडीनिक आम्लावरून जाते. तेव्हा सदाफुलीचा नकाशा नरक्यावर तसाच ठेवू नका. मधले रेणू आधी त्याच झाडात शोधा. आणि वनखात्याची परवानगी काढून दोन-चार कोवळी पानंच घ्या. आरएनएला तेवढी पुरतात, खोडाला कोयता लावायचं कारण नाही.