फवारणी करताना विष अंगात कुठून शिरतं? या चुका टाळा

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती, त्यामुळे फवारा तोंडावर, छातीवर येत होता. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, तिथूनच गाफीलपणा सुरू होतो.

नाकाला रुमाल बांधला की झालं, ही समजूत सर्वांत घातक. फवारणीत विष मुख्यतः कातडीवाटे शिरतं. ओला झालेला रुमाल तर ते तोंडाशी धरून ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे गळका पंप. पाठीवरून ओघळलेलं पाणी कमरेत, जांघेत जातं आणि तिथली नाजूक कातडी तळहातापेक्षा कितीतरी जास्त विष शोषते. म्हणून आधी साधं पाणी भरून पंप पाठीवर घ्या, दहा मिनिटं चाला. पाठ ओली झाली तर झाकणाचं वायसर बदला. चिंधी गुंडाळून भागवू नका.

दुसरी जागा बादलीपाशी. डब्यातलं विष तिथे पाणी न मिसळलेलं, पूर्ण तीव्र असतं आणि तेच हाताने ढवळलं जातं! काठी घ्या, नायट्राइल रबरी हातमोजे घाला. सुती मोजे विष शोषून घेतात. उंच पिकात हात वर करून फवारायचं असेल तर बाही मोज्याच्या आत खोचा, म्हणजे ओघळ बाहीत उतरणार नाही. पँट मात्र गमबुटाच्या बाहेर.

नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, पाण्यात धरून मऊ ब्रशने साफ करा. साबणाने हात धुतल्याशिवाय खर्रा नको. वारा पाठीकडून हवा. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका आणि मजूर लावला असेल तर हातमोजे, बूट त्याला तुम्हीच द्या.

घाम फुटला, लाळ सुटली, मळमळलं, अंधुक दिसू लागलं की ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सावलीत बसवून ठेवतात. यात मोलाचा वेळ जातो. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, 108 ला फोन करा आणि डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. ॲट्रोपिन (काही कीटकनाशकांवरचा उतारा) द्यायचं की दुसरं काही, हे डॉक्टरांना त्या लेबलावरून लवकर ठरवता येतं.