गेम डिझाइन पण आणि साउंड पण करायचंय? मग सुरुवात अशी करा

लॅपटॉप आणि बऱ्यापैकी हेडफोन असतील तर सध्या काही विकत घेऊ नका. गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट, आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायला ऑडॅसिटी फुकट, त्याच कामाचं रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. भारी माईक घेऊन बसलेले आणि एकही गेम न बनवलेले लोक भरपूर आहेत.

गेमचा साउंड म्हणजे गाणं नव्हे हे आधी डोक्यात बसवा. गाणं सुरू होतं आणि संपतं, पण गेममधे प्लेअर एकाच दारासमोर दहा मिनिटं रेंगाळेल नाहीतर सुसाट निघून जाईल, आवाजाने त्याच्या कलाने जायचं. १९७८ चा स्पेस इनव्हेडर्स बघा, फक्त चार सुरांचा लूप (परत परत वाजणारा तुकडा), पण एलियन कमी होत जातात तसे उरलेले जोरात पळतात आणि लूपचाही स्पीड वाढतो, आपोआप टेन्शन येतं. आता हे डिझाइन म्हणायचं का साउंड?

पहिला सराव पावलांचा. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, लादीवर, खडीवर, वाळक्या पानांवर, फक्त पंखा बंद करा. प्रत्येकाचे ५-६ वेगळे टेक घ्या कारण एकच फाईल परत परत वाजली की दोन मिनिटांत डोकं उठतं. ते टेक गोडोच्या रँडमायझरमधे टाका (तो दरवेळी त्यातला कुठलातरी एक वाजवतो) आणि पिच, म्हणजे सुराची पट्टी, किंचित वरखाली होऊ द्या. हाड मोडायचा आवाज गाजरातून निघतो, बर्फावर चालायचा आवाज पिशवीत कॉर्नफ्लोर दाबून (घरच्यांना विचारून घ्या बाबा). फ्रीसाउंड या आवाजांच्या फुकट साइटवरून उचलत असाल तर लायसन्स वाचा: सीसी झिरो (काहीच अट नसलेलं) बिनधास्त वापरा, ॲट्रिब्युशन असेल तर क्रेडिट्समधे नाव द्या, नॉन-कमर्शियलवालं विकायच्या गेममधे चालत नाही.

मग गेम जॅम, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवायचा इव्हेंट. जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, लुडम डेअर नावाच्या जॅमच्या सोलो प्रकारात ४८ तासांत सगळं एकट्याने करायचं असतं. गेम छोटा ठेवा, एक रूम, एक मेकॅनिक (उडी मारणं वगैरे खेळायची एकच क्रिया), पण पूर्ण करा आणि इच डॉट आयओ या छोट्या गेम्सच्या साइटवर टाका.

त्यानंतर एफमॉड किंवा वाइज (गेममधे आवाज जोडायची सॉफ्टवेअर) शिका, स्टुडिओत हेच विचारतात. शोरील (आपल्या कामाचा नमुना व्हिडिओ) दीड मिनिटाच्या वर नको, बेस्ट काम पहिल्या दहा सेकंदात. आणि नुसता मोठ्या गेमच्या ट्रेलरवर आपला आवाज चिकटवू नका, स्वतःच्या गेममधे साउंड कसा ट्रिगर होतो ते स्क्रीन रेकॉर्ड करून दाखवा, फरक तिथेच पडतो.

काम कुठे? पुण्यात युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, २०२० मधे आलेला राजी हा गेमही पुण्याच्याच टीमचा. एकट्याने करायचं तर अंडरटेल (२०१५) हा गेम बघा, डिझाइन, लिखाण, संगीत टोबी फॉक्सचं, चित्रांसाठी मात्र त्याने मदत घेतली. स्टीम या गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात गेम टाकायला १०० डॉलर फी आहे ती धरून चाला.

फ्रीलान्स साउंड घेतलात तर मिनिटाचे किती, इफेक्टचे किती, ॲडव्हान्स किती हे आधीच मेलवर घ्या, आणि किती वेळा बदल करून देणार तेही, कारण "अजून थोडं एपिक करा ना" हे वाक्य प्रत्येक क्लायंटकडे असतं.